नवशिक्यांचं पोकर: एकच खेळ की चार? (प्रकल्प नोंदी, बडोदा)

2 नोव्हेंबर 2025, रविवार

आज कामाला सुरुवात. अगदी नवख्या माणसासाठी मराठीतून पोकर शिकवणारी छोटी पुस्तिका लिहायची आहे. आराखडा पहिल्याच प्रश्नावर अडलाय: एकच खेळ धरून तो पक्का करून घ्यावा, की सुरुवातीपासून दोन-चार प्रकार खेळायला द्यावेत? पोकर या एका नावाखाली टेक्सास होल्डेम, ओमाहा, सेव्हन कार्ड स्टड, फाइव्ह कार्ड ड्रॉ, रॅझ असे कितीतरी खेळ येतात. बावन्न पत्ते तेच, हातांची (म्हणजे पत्त्यांच्या जुळण्यांची) क्रमवारी बहुतेकांत तीच. वाटायची रीत आणि बोली लावायची रीत मात्र प्रत्येकाची निराळी.

नुसतं बोलून हे सुटणार नाही, म्हणून मामांच्या दांडिया बाजारातल्या घरी वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी दोन टेबलं लावायची असं ठरलं. पहिल्या टेबलावर फक्त टेक्सास होल्डेम, तेही फिक्स्ड लिमिट: पहिल्या दोन फेऱ्यांत बेट 10 चिप्सची, पुढच्या दोन फेऱ्यांत 20 ची. दुसऱ्या टेबलावर खेळ बदलत राहणार. पहिल्यावर शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले काका आणि एमेस युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलं. दुसऱ्यावर मामी, मामेबहीण, तिच्या दोन मैत्रिणी आणि सांख्यिकी शिकवून निवृत्त झालेले आमचे सर. पोकर सगळ्यांनाच नवं. त्या मुलांतल्या एकाने मात्र पूर्वी मोबाइलवर थोडं खेळून पाहिलंय.

पैशांचं आधीच लिहून ठेवते. पैसे लावायचे नाहीत, चिप्सच्या बदल्यात चहासुद्धा नाही. डिसेंबर 2017 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकर हा नशिबाचा खेळ ठरवला. त्यामुळे आपल्याकडे पैसे लावून तो खेळणं 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतं. आणि या वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हे स्पष्ट असायला हवं. प्लास्टिकच्या चिप्स घेऊन, विचार कसा करायचा हे शिकण्यापुरतंच हे पोकर आहे.

9 नोव्हेंबर 2025, रविवार

नवशिका कोरा नसतो, हे आज ठळकपणे दिसलं. सातम-आठमला (जन्माष्टमीच्या सणात) गुजरातेत घरोघरी पत्ते निघतात आणि त्यात तीन पत्ती असतेच. म्हणजे ‘एक की अनेक’ हा प्रश्न आपल्या माणसाला पडायच्या आधीच त्याच्या हातात एक खेळ असतो. पोकर हा त्याचा दुसरा.

पहिल्याच तासात दोन्ही टेबलांवर एकच भांडण. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये फ्लश (पाचही एकाच चिन्हाचे, म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (ओळीने पाच पत्ते, म्हणजे सिक्वेन्स) वर. काकांना हे मान्यच होईना. “इतकी वर्षं खेळतोय, कलर कधी सिक्वेन्सला मारतो का?” नियम पाठ करून घेण्यापेक्षा मोजून दाखवलेलं बरं, म्हणून वहीत मांडलं. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स 720 आणि साधे कलर 1,096. सिक्वेन्स दुर्मीळ म्हणून वरचा. पाच पत्त्यांचे हात 25,98,960. त्यात स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. इथे फ्लश दुर्मीळ. दोन्ही खेळांचा न्याय एकच आहे, जे क्वचित येतं ते वरचं. पत्ते तीनाचे पाच झाले की पारडं फिरतं. काकांनी स्वतः वही घेऊन तीन पत्तीचा हिशोब पुन्हा केला आणि मग मान हलवली. त्यानंतर दिवसभर त्यांचा क्रम चुकला नाही.

(या हिशोबात एक गंमत आहे: तीन पत्तीत ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे) 52 होतात आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा सिक्वेन्स) 48, तरी ट्रेल वर. म्हणजे तिथेही एक जागा परंपरेची आहे. सरांनी हे लगेच हेरलं.)

एक्का-दुर्री-तिर्रीचाही असाच घोळ. बऱ्याच घरांत तो एक्का-राजा-राणीच्या खालोखाल दुसरा मोठा सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सर्वांत लहान स्ट्रेट.

क्रमवारी दोन रविवारांत बसेल. मला काळजी वाटते ती वेगळ्या सवयीची. तीन पत्तीत हात वाटला की त्याची किंमत ठरली, पुढे एकही नवा पत्ता येत नाही. होल्डेममध्ये हातात दोन पत्ते, मग मधे सगळ्यांसाठी तीन उघडतात, मग एक, मग आणखी एक, आणि प्रत्येक वेळी हात नव्याने तोलावा लागतो. मामी राजांच्या जोडीवर खूश होऊन बसल्या आणि मधे तीन बदाम उघडले तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हलला नाही. हात एकदाच तोलायची ही सवय मोडायला वेळ लागेल.

12 नोव्हेंबर 2025, बुधवार

पुस्तिकेतले सगळे आकडे लॅपटॉपवर तपासून घेते आहे. होल्डेमच्या सुरुवातीच्या दोन पत्त्यांच्या जोड्या 1,326, चिन्हांपैकी फक्त ‘दोन्ही पत्ते एकाच चिन्हाचे की नाही’ एवढंच धरलं तर प्रकार 169. एक्क्यांची जोडी 221 डावांत एकदा, कुठलीही जोडी 17 डावांत एकदा. ओमाहात हातात चार पत्ते, त्यामुळे सुरुवातीचे हात 2,70,725. निव्वळ हा फरक पाहिला तरी कुठून सुरुवात करावी याचा अंदाज येतो. 169 प्रकार तेरा बाय तेराच्या चौकटीत एका पानावर मावतात. ओमाहाचं असं पान काढणं शक्य नाही.

23 नोव्हेंबर 2025, रविवार

दुसऱ्या टेबलावर ओमाहा. आजचा एक डाव जसाच्या तसा लिहून ठेवते, पुस्तिकेत घ्यायचा आहे.

मधे उघडे पत्ते: इस्पिक राजा, इस्पिक नश्शी, इस्पिक चौकी, चौकट दुर्री आणि शेवटी इस्पिक सत्ती. मामींच्या हातात इस्पिक एक्का, चौकट एक्का, बदाम राणी, किलवर तिर्री. शेवटच्या पत्त्यावर त्यांनी रेज केलं (बोली वाढवली), मामेबहिणीने कॉल केलं (तेवढ्याच चिप्स घातल्या). मामींनी एक्का टेबलावर आपटला. “चार इस्पिक खाली, एक्का माझ्याकडे. आता काय राहिलं?”

मामेबहिणीने इस्पिकची पंजी आणि तिर्री दाखवली. “आई, ओमाहात हातातले दोनच पत्ते घ्यायचे आणि दोन घ्यावेच लागतात. तुझ्याकडे इस्पिक एकच आहे.”

मामींचा हात म्हणजे फक्त एक्क्यांची जोडी. पंजी-तिर्रीचा क्षुल्लक दिसणारा फ्लश जिंकला. मागच्या रविवारी याच टेबलावर होल्डेम झालं होतं. तिथे हातातला एक पत्ता आणि मधले चार चालतात, आणि तोच एक्का तिथे सर्वांत मोठा फ्लश ठरला असता. मामींना नियम माहीत होता, सुरुवातीला त्यांनी तो मोठ्याने म्हणूनही दाखवला होता. पण चिप्स मधे जायला लागल्या की डोकं ताज्या ओळखीच्या वाटेने धावतं. होल्डेम अंगवळणी पडलं नव्हतं, ओमाहाही नाही, आणि दोन्ही एकमेकांच्या अंगावर आले.

माझ्या मते खेळ बदलत राहण्याचा खरा तोटा इथे आहे. दोन खेळ फार वेगळे असले तर इतकं बिघडत नाही. सारखे दिसणारे आणि एकाच नियमात वेगळे असणारे खेळ नवशिक्याला जास्त छळतात.

30 नोव्हेंबर 2025, रविवार

आज दुसऱ्या टेबलावर सेव्हन कार्ड स्टड. याबद्दल माझी अपेक्षा फारशी नव्हती, पण आजचा रविवार सगळ्यांत उपयोगी ठरला.

स्टडमध्ये मधे सामायिक पत्ते नसतात. प्रत्येकाला सात पत्ते, त्यातले चार सगळ्यांसमोर उघडे. फोल्ड केलेल्याचे (डाव सोडलेल्याचे) उघडे पत्ते निघून जातात, ते लक्षात ठेवावे लागतात. मामींचे चार बदाम झाले, पाचवा हवा. मी विचारलं, “किती बदाम उरले?” त्या सवयीने म्हणाल्या, “तेरातून चार गेले, नऊ.” मग त्यांनीच टेबलावर नजर फिरवली. मैत्रिणीपुढे बदाम दश्शी आणि बदाम छक्की, सरांपुढे बदाम गुलाम. “नऊ कुठले, सहाच!” आणि त्यांनी पत्ते खाली ठेवले.

मामींनी जन्मभर मेंढीकोट खेळलंय. चार दश्श्यांपैकी कुठल्या निघून गेल्या याचा हिशोब त्या स्वयंपाक करता करता ठेवू शकतात. स्टडने नेमका तोच प्रश्न विचारला, जुनं कौशल्य जागच्या जागी कामाला आलं. ओमाहाच्या दिवशी उलटं झालं होतं. तिथे दिसणं तेच आणि किंमत निराळी.

या दोन रविवारांतून मला एक धागा मिळतोय: दोन खेळ तोच प्रश्न विचारत असतील तर एकाचा अभ्यास दुसऱ्याला मिळतो, त्याच पत्त्याची किंमत दोन खेळांत दोन असेल तर नवशिका अडखळतो. पुस्तिकेचा क्रम या धाग्यावरच लावायला हवा.

7 डिसेंबर 2025, रविवार

पहिलं टेबल कंटाळलंय. दुसऱ्या टेबलावरून आरडाओरडा ऐकू येतो आणि इथे तेच ते होल्डेम. पण खेळ बघण्यासारखा झालाय. काका सुरुवातीला निम्म्याहून जास्त हात खेळायचे, आता बटनपासून (वाटणाऱ्याची जागा, तिथला माणूस शेवटी बोलतो) लांब बसले की मुकाट फोल्ड करतात. कारण विचारलं तर सांगतात, “माझ्यानंतर पाच जण बोलणार, मी आधी का तोंड उघडू?” हे वाक्य मी शिकवलेलं नाही. एकच खेळ सतत खेळल्यावर पत्ते ओळखण्यात डोकं अडकत नाही आणि नजर माणसांवर, बसण्याच्या जागेवर, पॉटवर (मधे जमलेल्या चिप्सवर) जाते.

एका मुलाने चांगला प्रश्न काढला: समोरच्याने जोरात रेज केलं, तर त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असेल की एक्का-राजा? मोजून बघा म्हटलं. चार एक्क्यांतून जोडी सहा तऱ्हांनी होते, एक्का-राजा सोळा तऱ्हांनी. म्हणजे इतर काही माहीत नसेल तर एक्का-राजा असण्याचा संभव अडीचपटीहून जास्त. खोलीत एकदम शांत झालं, सगळे आपापल्या मनात जुने डाव पुन्हा खेळत असावेत. बदलत्या टेबलावर असा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. तिथे सगळी शक्ती आजचे नियम काय यातच जाते.

14 डिसेंबर 2025, रविवार

सरांचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. त्यांचं म्हणणं: उत्तम खेळाडू सगळे प्रकार खेळतात. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या नावाजलेल्या स्पर्धामालिकेत 2006 साली 50,000 डॉलर प्रवेश शुल्काची हॉर्स स्पर्धा सुरू झाली: होल्डेम, ओमाहा हाय-लो (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान हात पॉट वाटून घेतात), रॅझ (सर्वांत लहान हात जिंकतो), स्टड आणि स्टड हाय-लो, पाच खेळ आळीपाळीने. पहिल्या वर्षी ती चिप रीझ यांनी जिंकली आणि पुढे तिचा चषक त्यांच्या नावाने दिला जाऊ लागला. खेळाडूंमध्ये त्या स्पर्धेचा मान फार मोठा आहे. मग नवशिक्याला सुरुवातीपासून तीच वाट का दाखवू नये?

मी म्हटलं, सर, ती वाट पोचलेल्यांची आहे. रीझ ती स्पर्धा जिंकले तेव्हा त्यांच्यामागे तीस वर्षांहून जास्त खेळ होता. उलट उदाहरणही आहे: त्याच मालिकेतला 2003 चा विजेता ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट, ऑनलाइन स्पर्धेतून जागा मिळवून आला आणि नो-लिमिट (बोलीला मर्यादा नसलेल्या) होल्डेमच्या मुख्य स्पर्धेत 25 लाख डॉलर जिंकला. सर म्हणाले, एका माणसावरून नियम काढू नकोस. ते बरोबरच आहे. मनीमेकरचा दाखला पुस्तिकेत पुरावा म्हणून द्यायचा नाही.

पण सरांचा दुसरा मुद्दा मला पटला. एकच खेळ खेळणाऱ्याला त्या खेळाचा नियम आणि पोकरचं तत्त्व यातला फरक कळत नाही. ‘एक्का-राजा चांगला’ हे तो पाठ करतो, का चांगला हे विचारत नाही. ओमाहात तोच एक्का-राजा, सोबत वेगवेगळ्या चिन्हांची दुर्री आणि सत्ती घेऊन, अगदी सामान्य हात असतो. हे कुणीतरी कधीतरी दाखवायलाच हवं. केव्हा, हाच प्रश्न.

21 डिसेंबर 2025, रविवार

‘एकच खेळ’ म्हणताना आणखी एक गोष्ट धरावी लागेल. मोबाइलवर खेळलेला मुलगा चिप्स कमी उरल्या की सगळ्या एकदम पुढे ढकलायला बघतो. फिक्स्ड लिमिटमध्ये ते जमत नाही म्हणून वैतागतो. तो स्पर्धा खेळत शिकलाय. स्पर्धेत ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधीच भराव्या लागणाऱ्या चिप्स) वाढत जातात, चिप्स संपल्या की माणूस बाहेर, म्हणून थोड्या चिप्सवर थांबून राहणं परवडत नाही. आमच्या टेबलावर ब्लाइंड वाढत नाहीत, नव्या चिप्स घेता येतात. पत्ते तेच, नियम तेच, तरी योग्य निर्णय वेगळा. तेव्हा पुस्तिकेत स्पष्ट लिहायचं: एकच प्रकार, एकच बोलीची रीत, आणि स्पर्धा नको.

28 डिसेंबर 2025, रविवार

दोन्ही टेबलांना एकच प्रश्नपत्रिका. त्यातला मुख्य प्रश्न असा: होल्डेम, चार पत्ते उघडलेत, शेवटचा बाकी. हातातले आणि मधले धरून तुमचे चार बदाम, फ्लश झाला तरच जिंकाल. पॉटमध्ये 30 चिप्स, समोरच्याची बेट 20. कॉल की फोल्ड? मग तोच प्रश्न, फक्त पॉटमध्ये 100.

न दिसलेले पत्ते 46, त्यातले बदाम नऊ, म्हणजे संधी साधारण 19.6 टक्के. पहिल्या वेळी 20 घालून एकूण 70 चा पॉट, म्हणजे निदान 28.6 टक्के संधी हवी: फोल्ड. दुसऱ्या वेळी 20 घालून 140, 14.3 टक्के पुरतात: कॉल. पत्ते तेच, बेट तीच, उत्तर उलटं.

पहिल्या टेबलावर बहुतेकांनी दोन्ही उत्तरं बरोबर दिली आणि कारणही लिहिलं. दुसऱ्या टेबलावर सरांनी अर्थातच बरोबर दिलं, मामींनी नऊ बदाम आणि 46 पत्ते अचूक मोजले पण पॉटशी ताडून पाहिले नाहीत. मैत्रिणींनी दोन्हीकडे कॉल लिहिलं, “चार आलेत तर पाचवा येईलच” असं. हात ओळखण्याच्या प्रश्नांत मात्र दुसरं टेबल पुढे होतं. सात पत्त्यांतून उत्तम पाच निवडायला त्यांना वेळच लागत नाही.

माझ्यापुरता निकाल लागला. हात ओळखणं चार खेळांतून लवकर येतं, निर्णय घेणं एका खेळातून. आणि पोकर हा निर्णयाचा खेळ आहे.

11 जानेवारी 2026, रविवार

आज पहिल्या टेबलाला प्रथमच ओमाहा दिलं. हातातले दोनच पत्ते हा नियम एक-दोनदा निसटला, पण त्यांनी तो आपसांत लगेच पकडला. मोजणं, जागा पाहणं, पॉट ताडणं हे सगळं जसंच्या तसं आलं. आलं नाही ते हाताचं वजन. होल्डेममध्ये दोन जोड्या पुष्कळदा पुरतात. ओमाहात समोरच्याच्या चार पत्त्यांतून दोन-दोनच्या सहा जोड्या निघतात, म्हणून तिथे दोन जोड्यांवर विसंबणं महागात पडतं. काकांच्या बऱ्याच चिप्स यात गेल्या आणि तिसऱ्या डावात त्यांनी स्वतःच कारण शोधलं: “याच्याकडे एक हात नाही, सहा आहेत.” त्यांना फक्त किंमत बदलावी लागली, प्रश्न बदलावे लागले नाहीत.

18 जानेवारी 2026, रविवार

उत्तरायण, वासी उत्तरायण उलटली. निम्म्या लोकांच्या बोटांना अजून मांज्याच्या पट्ट्या आहेत, पत्ते पिसायचं काम सरांवर आलं.

पुस्तिकेचा क्रम नक्की केला. आधी तीन पत्तीशी तुलना आणि हातांचे आकडे, कारण बडोद्यातल्या वाचकाची खरी सुरुवात तिथून होते. मग फिक्स्ड लिमिट होल्डेम, आणि बराच काळ तेवढंच. काकांना नो-लिमिट आधी हवं आहे, जगभर लोक तेच बघतात म्हणून. मी ठाम नाही म्हटलं. बेट कितीची हा प्रश्न आधीच सुटलेला असला तर नवशिक्याचं लक्ष कॉल, रेज की फोल्ड यावर राहतं, आणि पॉटचा हिशोब तोंडी जमतो. स्टड खेळ म्हणून शिकवायचा नाही. उरलेले पत्ते मोजायच्या प्रकरणाला जोडून त्याचे काही डाव सरावापुरते द्यायचे, मामींचा सहा बदामांचा डाव त्यात पहिला.

ओमाहा दुसऱ्या भागात. तिकडे केव्हा जायचं यासाठी रविवार मोजायला सांगणार नाही. फोल्ड केल्यावर ‘का’ विचारलं आणि माणसाने पत्ते, जागा आणि पॉट या तिन्हींचा उल्लेख करून उत्तर दिलं, की त्याने पान उलटावं. रॅझ आणि हाय-लोची पानं काढून टाकली. सर त्यावर स्वतंत्र टिपण लिहितो म्हणालेत.

पहिल्या भागाच्या झेरॉक्स उद्या रावपुऱ्यात काढायच्या. पुढच्या रविवारपासून दोन्ही टेबलं होल्डेम खेळतील. मामी काकांच्या डाव्या हाताला बसणार म्हणतायत, ते बोलल्यावर आपल्याला बोलता यावं म्हणून.